उलट्या वेढ्यांचा गोंडा

हासाजी तेली डावरा होता. आयुष्यातलं निम्मं दुःख आपल्याला या डाव्या हाताने दिलं आणि उरलेलं निम्मं सॉलोमन सुताराने, असं तो म्हणायचा. हाताला त्याने केव्हाच माफ करून टाकलं होतं.

रोह्याच्या तेलीआळीत अगदी शेवटाला त्याचं घर. पडवीत लाकडी घाणी, मागे बैलाचा गोठा. शनिवारी घाणी बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दारात येऊन रडलं तरी बंद. त्या दिवशी बैलसुद्धा निवांत रवंथ करत पडलेला असायचा. म्हणून सारा गाव हासाजीच्या जमातीला शनवार तेली म्हणायचा. ते स्वतःला इस्रायली म्हणत, प्रार्थनेला हिब्रू आणि भांडायला मराठी वापरत, आणि कुंडलिकेच्या काठावरच्या आपल्या कौलारू प्रार्थनाघराला मशीद म्हणत. बाहेरचा माणूस ऐकून गोंधळायचा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

शेजारी विठू नावाचा शेतकरी होता. भात आणि वाल पिकवायचा, आणि नाही त्या चौकशा करायचा. हासाजी रोज सकाळी अंघोळ करून पडवीत उभा राहायचा, डोक्यावर टोपी, अंगावर सिसीथची पांढरी चादर, कपाळावर एक काळी चामड्याची पेटी, दंडावर तसलीच दुसरी, आणि दंडापासून बोटांपर्यंत गुंडाळलेला काळा पट्टा. या पेट्यांना तफिलीन म्हणतात. वर्षानुवर्षं पाहूनही विठूचं कुतूहल काही फिटेना. एकदा प्रार्थना संपेपर्यंत कुंपणाशी थांबून त्याने विचारलंच.

"हासाजी, ह्या पेट्या नजर लागू नाय म्हणून काय रे?"

"नजर कसली! आत देवाचं वचन लिवलेलं हाय. एक कपाळावर, डोक्यात ऱ्हावं म्हणून. एक दंडावर, काळजाच्या अंगाला, काळजात उतरावं म्हणून."

"आन् पट्टा?"

"हात बांधून घ्यायचा. मग दिसभर तो हात भलतीकडं जात नाय."

"मंग सॉलोमन डावा बांधतो, तू उजवा कसा?"

"दुबळा हात बांधायचा असतो. त्याचा डावा दुबळा, माझा उजवा."

विठूने थोडा विचार केला. "पन काळीज तर डाव्या अंगाला असतं ना? मंग तुझ्या काळजात वचन शिरायचं कुठनं?"

 हासाजी खो खो हसला आणि दुपारी ही गोष्ट सॉलोमनला सांगितली. सॉलोमन सुतार हा त्याचा लंगोटीयार, शिवाय जमातीचा मुकादम, म्हणजे मशिदीची किल्ली आणि चार माणसांत शब्द त्याचा. तोही पोट धरून हसला. म्हणाला, "माझ्या काळजाला चिकटून हाय पेटी. तू माझ्या काळजावर भागव." हे वाक्य हासाजीने पुढे किती वेळा आठवलं असेल त्याला गणती नाही.

घाणीखेरीज हासाजीच्या हाताला आणखी एक काम होतं, आणि त्याचा त्याला घाणीपेक्षा जास्त अभिमान होता. तो सिसीथचे गोंडे बांधायचा. सिसीथ म्हणजे प्रार्थनेच्या वेळी खांद्यावरून घ्यायची चादर. पण नुसती चादर म्हणजे कापड. तिच्या चार कोपऱ्यांना चार गोंडे लागले की ती सिसीथ होते. चार धागे भोकातून ओवून दुमडायचे, त्याचे आठ होतात. मग गाठ, मग सात वेढे, परत गाठ, आठ वेढे, गाठ, अकरा, गाठ, तेरा, आणि शेवटची गाठ. बांधताना मनात दुसरा विचार आणायचा नाही. आला तर सोडून पहिल्यापासून. देवाच्या सहाशे तेरा आज्ञा आहेत, त्या माणसाला कुठल्या आठवतात! म्हणून गोंडा. डोळ्यांना दिसला की मनाला आठवण व्हावी. शेमा ही प्रार्थना म्हणताना चारही गोंडे मुठीत धरायचे, डोळ्यांना लावायचे, त्यांचं चुंबन घ्यायचं.

हासाजी डावरा, म्हणून त्याचे वेढे उलटे जायचे. मुंबईहून आलेल्या गोंड्यांचे वेढे एका दिशेने आणि याचे बरोबर दुसऱ्या. रोह्यापासून नागोठण्यापर्यंत जमातीतल्या कुणाचाही सिसीथ दाखवा, हासाजी गोंडा बघून सांगायचा, हा माझा, हा बाहेरचा. एका म्हाताऱ्या हजानला विचारून त्याने खात्री करून घेतली होती. हजान म्हणजे प्रार्थना सांगणारा. तो म्हणाला होता, देव वेढे मोजतो, दिशा बघत नाही.

सॉलोमनच्या लग्नात हासाजीने त्याला चार गोंडे बांधून दिले. त्याच दिवशी दोघांत एक बोली झाली. इस्रायली माणूस मेला की त्याला त्याच्या सिसीथमध्ये गुंडाळून पुरतात, पण आधी एक गोंडा कापतात. मेलेल्याला आज्ञा पाळायच्या नसतात, तो सुटला. म्हणून त्याचा सिसीथही मोकळा करायचा. सॉलोमन म्हणाला, "तू बांधलेला गोंडा दुसऱ्या कुणी कापायचा नाय. मी आधी मेलो तर तू काप. तू आधी मेलास तर मी." दोघे तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. मरण ही थट्टेची गोष्ट होती. तरी हासाजीने ते मनावर घेतलं, कारण त्याला मुलगा नव्हता, पुढेही झाला नाही. सारा नावाची एकच मुलगी झाली. आपला गोंडा कोण कापणार, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी एकच होतं, आणि ते सॉलोमन होतं.

पुढे जमातीची माणसं इस्राएलला जायला लागली. दरवर्षी एखाददुसरं घर बंद व्हायचं. भांडी वाटली जायची, रडारड व्हायची, रोह्याच्या स्टँडवरून एसटी सुटायची. अडुसष्ट साली मशिदीत बरोबर दहा पुरुष उरले. दहा हा आकडा इकडेतिकडे होऊन चालत नाही. दहा असले तरच ती जमात, तरच पोथी उघडायची, तरच मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणायची. नऊ झाले की ती नऊ सुटी माणसं.

तेव्हा सॉलोमनने पुढाकार घेतला. सागवानाचं एक कपाट केलं, दहा खणांचं, प्रत्येकाला एक खण. आपापल्या सिसीथची पिशवी आपापल्या खणात ठेवायची. मग एका सकाळी त्याने दहाही जणांना उभं केलं, प्रत्येकाच्या मुठीत त्याचे गोंडे दिले, आणि म्हणवून घेतलं: या दहांतला कुणी चोरून जाणार नाही, ज्याला जायचं तो इथं, सगळ्यांसमोर सांगेल, आणि दहा एकदम जातील नाहीतर दहा एकदम राहतील. त्याचा आवाज भरून आला होता. म्हातारे तर रडलेच. हासाजीही रडला. अजूनही मला कुणी विचारलं तर मी सांगेन, सॉलोमन त्या दिवशी खोटं बोलत नव्हता. म्हणून तर जास्त चीड येते.

सिपोरा ही हासाजीची बायको. तिचं सगळं माहेर केव्हाच इस्राएलमधल्या डिमोनाला जाऊन राहिलं होतं, आणि आई तिकडे अंथरुणाला खिळली होती. सत्तर सालच्या दिवाळीनंतर भावाने तिघांचे कागद करून पाठवले. सही करून मुंबईच्या कचेरीत द्यायचे, एवढंच बाकी. सिपोराने ते कागद दागिन्यांच्या करंड्याखाली ठेवले, दर दोन दिवसांनी काढून पुसायची.  एकदाच म्हणाली, "आई डोळं मिटायच्या आधी भेटली असती तर बरं झालं असतं." हासाजी विरघळला. चोरून जायचं नव्हतंच, म्हणून एका शनिवारी संध्याकाळी तो सॉलोमनकडे गेला आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी मी मशिदीत उभा राहून सांगतो.

 दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, सॉलोमन आपण होऊन हासाजीच्या घरी आला. पाटावर बसला, सिपोराच्या हातचा चहा प्यायला.

"हासाजी, तू गेलास की नऊ. नऊ झाले की महिन्याभरात शून्य. बापजाद्यांच्या मशिदीला आपल्या हातानं कुलूप लावू काय मी?"

"सिपोराची आई, सॉलोमन..."

"माझी आई कुठं पुरलीय? हितंच ना, नदीकाठी? तिच्यापाशी कोन बसायचं?" मग तो सिपोराकडे वळला. "वयनी, तुमीच सांगा गो याला. गोंडे धरून बोललेला हाय. शब्द मोडला तर उद्या साराला कोन सून म्हणून नेईल?"

सिपोरा उठून आत गेली. हासाजीने करंड्याखालचे कागद काढले. सॉलोमनने खिशातलं पेन पुढे केलं आणि हासाजीने आम्हाला यायचं नाही असं कागदावर लिहून खाली सही केली. ते टपालात टाकायला सॉलोमनच घेऊन गेला. एवढी तसदी त्याने घेतली.

चार दिवसांनी, गुरुवारी, सॉलोमन म्हणाला, मुंबईला मेव्हणीचं लग्न आहे, बायकोपोरांना घेऊन आठ दिवस जाऊन येतो. किल्ली तेवढी तुझ्याकडे ठेव. हासाजी त्याला स्टँडवर सोडायला गेला. एक ट्रंक त्याने स्वतः डोक्यावर घेतली.

"केवढी जड रे! आत काय खणखणतंय?"

"आहेराची भांडी."

हासाजीला जन्मभर सुतारकामाचा खणखणाट सॉलोमनच्या घरातून ऐकू आलेला. रंधा कसा वाजतो, किकरं कसं वाजतं, झोपेत सांगितलं असतं त्याने. पण मित्राने भांडी म्हटल्यावर त्याला भांडीच ऐकू आली. एसटी सुटताना त्याने खिडकीतून सॉलोमनच्या धाकट्याच्या, बेंजीच्या, हातात चिक्कीची पुडी दिली.

आठ दिवस झाले, महिना झाला. लोक कुजबुजायला लागले. पेणहून आलेल्या एका सोयऱ्याने तर सांगितलं की सॉलोमन विमानात बसला, मी पाहिला. हासाजी त्याच्या अंगावर धावून गेला. मग सगळ्यांना मशिदीत नेऊन त्याने कपाट उघडलं. चौथ्या खणात सॉलोमनची निळ्या मखमलीची पिशवी, घडी जशीच्या तशी, फुगीर.

"ही बघा. माणूस गाव सोडंल, घर सोडंल. आपला सिसीथ टाकून कोन जातो? उद्या मेला तर काय धोतरात पुरायचा त्याला?"

 दुसऱ्याच्या पिशवीला हात लावायची रीत नव्हती, आणि हासाजीने कुणाला लावूही दिला नसता. दर शुक्रवारी संध्याकाळी तो आपल्या घाणीचं तेल घालून मशिदीतला दिवा लावायचा, आणि शनिवारी नऊजण दहाव्याची वाट बघत बसायचे. हासाजी दाराशी उभा राहून रस्ता न्याहाळायचा. पोथी उघडायची नाही, वरवरच्या प्रार्थना म्हणायच्या, आणि घरी यायचं. नऊचे आठ झाले, सात झाले. जाणाऱ्यांना तो सांगायचा, थांबा, तो येईल, पिशवी आहे. त्याच्या या पिशवीवर लोक हसायला लागले होते. सिपोरा हसत नव्हती. तिला जूनमध्ये तार आली होती, आई गेल्याची.

भादव्यात, नव्याच्या सणाआधी, म्हणजे इस्रायली नव्या वर्षाआधी, सगळे सिसीथ उन्हात घालायचे असतात. पावसाळ्याची बुरशी येते, कसर लागते. हासाजीने सगळ्यांच्या पिशव्या काढल्या. सॉलोमनच्या पिशवीपाशी थबकला. मग स्वतःशीच म्हणाला, बुरशीने खाल्ला तर आल्यावर बोंबलेल, आणि नाडी सोडली.

आत एक जुना पंचा होता. पिशवी फुगावी म्हणून त्याच्या आत वर्तमानपत्र गुंडाळून भरलं होतं. हासाजीने कागद सरळ केला. त्यावर तारीख होती त्याच रविवारची. म्हणजे सकाळी आपल्या पाटावर बसून, आपला चहा पिऊन, आपल्याकडून नाही म्हणून लिहून घेऊन तो सरळ मशिदीत आला होता, आणि त्याने ही पिशवी भरली होती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हासाजी मशिदीच्या ओट्यावर बसला आणि मोठ्याने रडला, बायकोच्या आईसाठी, बायकोसाठी, आणि सगळ्यात जास्त आपल्या मूर्खपणासाठी. रडता रडता त्याला विठूचा प्रश्न आठवला. पेटी ज्याच्या काळजाला चिकटून होती त्याच्या काळजात चाळीस वर्षांत एक अक्षर उतरलं नव्हतं. रोज सकाळी तो माणूस मधल्या बोटाला पट्ट्याचे तीन वेढे घेत म्हणायचा, मी तुला कायमची माझी करीन, इमानाने माझी करीन. आणि पट्टा सोडला की हे वचनही सोडून रस्त्याला लागायचा.

त्याने पंचा आणि कागद परत पिशवीत भरले, नाडी बांधली, पिशवी चौथ्या खणात ठेवली. सिपोराखेरीज त्याने हे कुणाला सांगितलं नाही. का, तर लाज वाटली. फसवणाऱ्याची लाज फसलेल्यालाच वाटते, हा जगाचा कुठला न्याय आहे मला कळलेलं नाही.

सिपोराच्या भावाने नंतर पुन्हा लिहिलं, आता तरी या. हासाजीने सिपोराला विचारलं. ती म्हणाली, "आता कुनाला भेटाय जायचं?" विषय संपला. दोन वर्षांत उरलेले सहाजणही पांगले. हासाजी एकटाच राहिला, किल्ली घेऊन. शुक्रवारचा दिवा त्याने सोडला नाही. देवासाठी लावतो म्हणायचा. ते खरंही असेल. साराचं लग्न ठाण्याला झालं. धाटावला कंपन्या आल्या, विठूचा थोरला शिफ्टला जाऊ लागला, पाकिटातलं तेल आलं आणि घाणी बंद पडली. बैल विकताना हासाजीने गिऱ्हाइकाला बजावलं, शनिवारी याला जुंपू नकोस, सवय नाही. गिऱ्हाईक हसलं. सॉलोमनला मनातल्या मनात सुनवायच्या शिव्या मात्र तो घोटत राहिला, एकेक शब्द घासूनपुसून.

रोह्याला रेल्वे येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एका सकाळी स्टेशनवरून रिक्षाने एक उंच तरुण आला. गळ्यात कॅमेरा, पायांत सपाता. दारात उभा राहून अडखळत म्हणाला, "हासाजीकाका? मी बेंजी. सॉलोमनचा."

चेहरा तोच होता. हासाजीच्या हातातला तांब्या खाली पडला. घोटलेल्या शिव्यांतली एकही तोंडातून आली नाही. सिपोराने पाटाऐवजी खुर्ची मांडली, चहा दिला आणि आत निघून गेली. पहिल्याच घोटाला बेंजीने सांगितलं की बाबा गेले, आठ महिने झाले.

"बाबा तुमचंच बोलायचे काका. डिमोनात सणाला सगळी रोह्याची माणसं जमली की सांगायचे, आपली मशीद अजून जिवंत आहे. हासाजी आहे तिथं. दर शुक्रवारी दिवा लावतो. मी त्याला जाऊ दिला नाही, म्हणायचे. आपले कागद वर्षभर पेटीत होते, पण निघवत नव्हतं. हासाजी थांबतो हे पक्कं झालं, तेव्हा चार दिवसांत निघालो."

तो हे अभिमानाने सांगत होता. त्याला वाटत होतं आपण म्हाताऱ्याला गोड बातमी देतोय. हासाजीला सतरा वर्षांत जे कळलं नव्हतं ते चहाच्या एका कपात कळलं. सॉलोमनला दहा नको होते. त्याला एक हवा होता, मागे ठेवायला. आपण पळालो ही टोचणी लागू नये म्हणून तेल घालणारा एक माणूस हवा होता, आणि तो त्याने नीट बघून निवडला होता. दिवा कुणासाठी लावत होतो आपण? डिमोनातल्या सणाच्या गप्पांसाठी.

"आन् सिसीथ?" हासाजीने विचारलं. "कशात पुरला त्याला?"

"तिकडे घेतला होता त्यात. खरा तर इथंच ठेवलाय ना! म्हणायचे, सिसीथ ठेवून आलोय म्हणजे मी रोह्यातून गेलोच नाही. म्हणून तर आलो." बेंजीने पाकिटातून पातळ कागदाची पुडी काढली. "गोंडा मीच कापला. शेवटी हातात हात घेऊन म्हणाले, हा रोह्याला नेऊन दे, माझ्या खणात ठेव."

पुडीत पिवळट पडलेला गोंडा होता. हासाजीने तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेला. गाठ, सात वेढे, गाठ, आठ, गाठ, अकरा, गाठ, तेरा, गाठ. सगळे उलटे. लग्नाच्या आदल्या दिवशी याच घराच्या पडवीत बसून बांधलेले.

तो किल्ली घेऊन उठला. बेंजी मागोमाग आला. मशिदीत कपाट उघडून हासाजीने निळी पिशवी काढली. बेंजीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली.

"उघड," हासाजी म्हणाला.

बेंजीने नाडी सोडली. पंचा निघाला, वर्तमानपत्र निघालं. त्याने पिशवी उलटी करून झटकली. मग हासाजीने हातातला गोंडा त्याच्यापुढे धरला.

"मी डावरा हाय. ह्ये उलटे येढे माझ्या हाताचे. तुझ्या बापानं सिसीथ नेला, आन् मला हा पंचा ठेवला राखायला. तिकडं घेतला म्हनून तुला सांगितलं. त्यो कागद बघ. त्या दिशी त्यो माझ्या घरी बसून आमचं जानं मोडून आला."

बेंजीने कागदावरची तारीख वाचली. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. ओट्यावर बसून रडताना आपला चेहरा असाच झाला असेल, असं हासाजीला वाटलं. हे सांगून बरं वाटेल अशी त्याने सतरा वर्षं आशा धरली होती. काही बरं वाटलं नाही.

मग बेंजी म्हणाला, "काका, गोंडा ठेवू का मग खणात?"

"ठेव. पंच्याशेजारी."

त्याने ठेवला. हासाजीने आपल्या खणातली आपली पिशवी काढून काखेत मारली, कपाट लावलं, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली बेंजीच्या हातात दिली.

"ही ने. मुकादमाची किल्ली. तिकडं सनाला सांग, हासाजीनं परत केली."

"आणि दिवा?"

"ज्यानला दिवा पायजेल, त्यानी येऊन लावावा."

बेंजी दुपारच्या गाडीने गेला. हासाजी त्याला सोडायला स्टेशनवर गेला नाही.

तो शुक्रवार होता. ऊन कलताना सिपोराने रीतीप्रमाणे तेलाची बाटली उंबऱ्यात आणून ठेवली. हासाजी उठला नाही. तिने सकाळचं सगळं दाराआडून ऐकलं होतं. तो पिशवी उघडून आपला सिसीथ मांडीवर घेऊन बसला होता.

"सिपोरा, कातर आन गो जरा."

"कशाला?"

"तुला दाखवून ठेवतो. मी मेलो की ह्यो उजव्या कोपऱ्याचा गोंडा कापायचा. पहिल्या गाठीच्या वर. दुसरं कोन हाय कापाय?"

बायकांनी गोंडा कापायची रीत नव्हती. पण रीत सांभाळणारे सगळे डिमोनात होते.

सिपोरा कातर घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. 

"सॉलोमनभावजींनी तुमाला फशिवलं, ह्ये सतरा वर्षं ऐकतेय मी," ती म्हणाली. "त्या रविवारी कागदावर सही कुनी केली? मी आत चुलीपाशी हुते. एकदा हाक मारून विचारलं नाय तुमी मला."

हासाजीने मान वर केली नाही. घोटून ठेवलेला प्रत्येक शब्द त्याला आठवत होता, आणि त्यातला एकेक आता आपल्यालाच लागू पडतोय हे त्याला दिसत होतं.

"नाय विचारलं," तो म्हणाला.

सिपोराने त्याच्या मांडीवरून सिसीथचा कोपरा आपल्याकडे ओढला, गोंडा बोटांत धरला.

"कुठनं कापायचा म्हनालात?"

त्याने डाव्या हाताने गाठ दाखवली.

"कापीन," ती म्हणाली, आणि कातर कमरेला खोचून चूल पेटवायला गेली.